रूलीचं पोपटपान

माझा भाऊ बेरेंड गेला तेव्हा त्याच्यामागे एक बायको, एक मोटार आणि भिंतभर लांबीची माशांची टाकी राहिली. मोटार मुलानं नेली. टाकी रूलीनं, म्हणजे माझ्या भावजयीनं, ठेवून घेतली. माशांच्या टाक्या पाळणाऱ्यांच्या क्लबातल्या पुरुषांना ते काही रुचलं नाही. दरवर्षी परीक्षक घरी येऊन टाकी बघायचे, कप बेरेंडला मिळायचा, म्हणून त्यांच्या लेखी टाकी बेरेंडची. अहो, बेरेंड खुर्चीत बसायचा. कोपरापर्यंत पाण्यात असायचे ते हात रूलीचे. पण बाई अशी मुखदुर्बळ की इतक्या वर्षांत एकदा तोंड उघडलं नाही. यंदा मात्र तिनं ठरवलं होतं, कप घ्यायचा आणि स्वतःच्या नावावर घ्यायचा.

घोडं अडलं ते दिव्यापाशी. जुन्या ट्यूब गेल्या आणि तसल्या आता मिळत नाहीत. साध्या पांढऱ्या दिव्यात टाकीतलं पोपटपान फिकं पडलं. नाव पोपटपान, पण ते झाड लालबुंद असावं लागतं; हिरवट दिसलं की परीक्षक नाक मुरडतात. रूलीनं दिवे बदलून बघितले. एकात शेवाळ माजलं, दुसऱ्यात मासे आठवडाभर उपाशी असल्यासारखे दिसायला लागले. शेवटी दुकानदारानं तिच्या गळ्यात एक लांबलचक दिव्याची पट्टी मारली. झाडं जोमानं वाढवणारा प्रकाश, म्हणे. ती लावली आणि सगळी खोली गुलाबी झाली.

"पान लाल झालं बघ," रूली म्हणाली.

"मांजरही लाल झालंय," मी म्हटलं.

मी आपलं गमतीनं म्हटलं, पण तिच्या मनात पाल चुकचुकली. पान खरंच लाल झालंय, की नुसतं दिव्याखाली तसं दिसतंय? दिवा बंद करून बघितलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण तिचा धीर होईना. दिवा बंद असेल तेवढा वेळ ती टाकीच्या पुढून चादर सोडून ठेवायला लागली. असली भित्री बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

आता आमच्याकडे संध्याकाळी पडदे ओढत नाहीत. ओढले की लोकांना वाटतं, काहीतरी लपवताहेत. आणि आमचं फेलुवे भागातलं गाव कितीही देवभोळं असलं, तरी ॲमस्टरडॅममध्ये लाल उजेडाच्या खिडकीत काय मिळतं हे इथं प्रत्येकाला ठाऊक आहे. कसं ठाऊक, ते विचारू नये. टाकी खिडकीपासून आत, बाजूच्या भिंतीला. रस्त्यावरून दिसायचा तो फक्त उजेड, आणि त्या उजेडात गाउन घालून येरझाऱ्या घालणारी रूली.

परीक्षणाच्या दिवशी मी मदतीला गेले. दिवा लागला होता, पण चादर तशीच होती. परीक्षकांसमोर ती झटक्यात ओढायची, ही बेरेंडची जुनी नाटकं. मी स्वयंपाकघरात कॉफी करत होते, तेवढ्यात ठरल्या वेळेच्या आधीच बेल वाजली. रूलीनं दार उघडून काळ्या सुटातल्या दोघांना आत बसवलंसुद्धा.

ट्रे घेऊन आले आणि बघते तर काय, परीक्षक कसले, हे चर्चचे कारभारी. फान एसन आणि त्याचा तो कायम गालिच्याकडे बघत बसणारा जोडीदार. रूली चर्चकडे फिरकत नाही, आणि परीक्षकांत दरवर्षी नवे चेहरे असतात, तिला कुठून ओळखू येणार? मला मात्र फान एसननं रविवारी, म्हणजे देवानं नेमलेल्या विश्रांतीच्या दिवशी, कपडे वाळत घातले म्हणून भर रस्त्यात ऐकवलं होतं. मी रूलीला सांगायला हवं होतं. पण मी ट्रे ठेवला, खुर्ची ओढली आणि मजा बघत बसले.

"बाई, आम्ही या दिव्याबद्दल आलोय," फान एसन म्हणाला.

"मला वाटलंच, तुम्ही पहिलं तेच विचारणार," रूली म्हणाली. "नवीन आहे. बेरेंड गेल्यावर घेतला. साध्या दिव्यात सगळं फिकं दिसायचं, आणि बघायला येणाऱ्यांना लाल हवं असतं."

"बघायला लोक येतात?"

"येतात की. क्लबातले सगळे येऊन गेलेत."

जोडीदारानं बिस्कीट परत बशीत ठेवलं.

"रविवारीसुद्धा हे चालतं?" फान एसननं विचारलं.

"रविवारी तर जास्तच काम. सगळं उपसून स्वच्छ करावं लागतं."

चादरीमागून बुडबुड आवाज आला. फान एसननं आवाज खाली आणला. "आत्ता... तिथं आहे कुणी?"

"सत्तरएक असतील. लाजरे आहेत हो. अनोळखी माणूस दिसला की मागे लपतात."

"आणि हे सगळं तुम्ही एकट्या करता?"

"एकटीच," रूली म्हणाली, आणि तिचा आवाज जरा चढला. "बेरेंड होता तेव्हाही मीच करायचे. तो नुसता बसून बघायचा आणि कौतुक त्याचं व्हायचं."

फान एसन उठून उभा राहिला. "बाई, तो दिवा आधी बंद करा."

रूलीचा चेहरा पडला. कडक परीक्षक हेच सांगणार, याचीच तिला धास्ती होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मला हसू येत होतं, ते एकदम थांबलं. तिनं पट्टी बंद केली, छताचा साधा दिवा लावला आणि डोळे मिटून चादर ओढली.

पान लाल होतं. देठापासून शेंड्यापर्यंत, अगदी बिटासारखं लाल.

"दिनी, खरंच लाल आहे गं," ती मला म्हणाली आणि रडायलाच लागली.

"मासे?" फान एसन म्हणाला.

"मग तुम्हाला काय वाटलं होतं?" रूलीनं नाक पुसत विचारलं. ते मी सांगितलं. हे कोण आहेत तेही सांगितलं. फान एसनचे कान पोपटपानाच्या रंगाचे झाले. रूली इतकी हसली की तिला टाकीचा आधार घ्यावा लागला.

तेवढ्यात खरे परीक्षक आले. काउपर्स त्यांच्यातला जुना. टाकीसमोर तो बराच वेळ वाकून उभा राहिला. "वा. बेरेंडची टाकी ती बेरेंडचीच," तो म्हणाला. "त्याच्यामागे क्लबातलं कोण येऊन सांभाळतं हे सगळं?"

रूलीनं तोंड उघडलं आणि नेहमीसारखं मिटलं. मला तिला चिमटा काढावासा वाटला.

"कुणी येत नाही," दारात कोट चढवणारा फान एसन म्हणाला. "बाईच करतात, एकट्या. नवरा होता तेव्हाही त्याच करायच्या, तो नुसता बसायचा. त्यांनी आत्ताच माझ्यापाशी कबूल केलंय."

"तुम्ही कोण?" काउपर्सनं विचारलं.

"मी चर्चमधून चौकशीला आलो होतो," तो म्हणाला, आणि जाता जाता त्याला राहवलं नाही. "रविवारीसुद्धा करतात."

काउपर्सनं खिशातून पेन काढलं आणि रूलीला तिचं पूर्ण नाव विचारलं. तिनं ते माहेरच्या आडनावासकट सांगितलं.