बत्तीस बिया

"मागं सर गो, तेल उडंल!" राही ओरडली, तशी जनी माडाआड जाऊन उभी राहिली. खरं तर तिला सांगावं लागत नसे. सात वर्षांची पोर, पण बी भाजताना कुठवर यायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी तिने झाडाखालची कच्ची काजूबी दातांनी फोडली होती. टरफलातल्या तेलाने ओठ, जीभ, हनुवटी, सगळं सोलून निघालं. महिनाभर पोर पेजेच्या पाण्यावर जगली. ओठ एका बाजूला ओढला गेला तो गेलाच. तेव्हापासून कच्ची बी घरात आली की राही आधी ती भाजून टाकी, मग दुसरं काम.

ही बी काजूची नव्हती, एवढं तिलाही दिसत होतं. गोटीएवढी, गोल, तपकिरी आणि भलतीच टणक. चार वर्षांनी नवरा, शिवा, कालच्या आगबोटीने घरी आला, त्याच्या सामानात फडक्यात बांधलेल्या ह्या बिया निघाल्या. सकाळी तो मांडवीच्या धक्क्यावर ट्रंक आणायला गेला आणि इकडे जनीने एक बी ओठाशी नेलेली राहीने पाहिली. मग कुठली विचारपूस आणि कुठलं काय! तिने तेल गळावं म्हणून तळाला भोकं पाडलेलं घमेलं चुलवणावर चढवलं, बिया ओतल्या आणि लांब काठीने ढवळत राहिली. तेल काही सुटेना, भडका उठेना. बऱ्याच वेळाने तिने त्या राखेत घोळल्या, पुसल्या आणि होत्या तशा फडक्यात बांधून ठेवल्या.

शिवा बोटीवर आगवाला होता, बॉयलरमध्ये कोळसा मारणारा. दुपारी तो जेवायला बसला, दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "आता परत नाय जायाचा. डॉक्टरानं नाव काढलान माजं. छाती गेली म्हनतो."

राहीचा हात थांबला. "मग खायाचं काय?"

"ते घेऊन आलोय." त्याने फडकं ओढून मांडीवर घेतलं. "आस्ट्रेलियात दीड म्हयना इस्पितळात व्हतो. शेजारच्या बागेतली म्हातारी रोज पायरीवर बसून ह्या बिया फोडून द्यायची. ओल्या खोबऱ्यासारखं लागतं गो. तिकडं लोक जीव टाकतात. निघताना बत्तीस मोजून दिलान. सातव्या वर्षी झाड धरतं. आपल्या हिंदुस्थानात कुनी पायलं पन नसंल. झाडाला पाच पायली धरली तरी आपन तरलो." मग त्याने जनीला जवळ ओढलं. "आनि ह्याच्यात तेल नाय. कच्ची चावलीस तरी ओठाला काय व्हायाचं नाय. तुज्या ओठाचं पत्रात कळलं व्हतं, तुज्यासाठी आनलंय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. राहीलाही ते कळत होतं. पण नवऱ्याला इतकं हसताना तिने कधी पाहिलं नव्हतं. जेवण तरी होऊ दे, असं तिने मनाशी म्हटलं. मग उद्या सांगू. मग परवा.

दुसऱ्या दिवसापासून शिवा पहार घेऊन घरामागच्या मोकळ्या कातळावर जाऊ लागला. तो जांभा दगड, धडधाकट माणसाचे खांदे निखळवणारा. एकेका खड्ड्याला त्याला दीड-दीड दिवस लागे. खड्डा झाला की खालच्या शेतातली माती पाटीने वर न्यायची, बी ठेवायची, वर काटे रचायचे. खोकल्याची उबळ आली की तो पाठ फिरवून थुंके आणि पायाने वर माती लोटे. माती लाल, त्यामुळे कुणाला दिसत नाही असं त्याला वाटे. राहीला दिसत होतं.

"पुरं झालं आता," पाचव्या खड्ड्याशी ती म्हणाली. "येवढ्यात काय उगवतंय ते तरी बघा."

"बिया बत्तीस हायत तर खड्डे बत्तीस व्हायाला नकोत?"

पाच खड्डे झाल्यावर सांगायचं म्हणजे पाच खड्ड्यांची मेहनत फुकट गेली म्हणून सांगायचं. वीस झाल्यावर विसांची. रोज सांगणं जड होत गेलं आणि रोज ती वहाळातून घागरी भरून वर नेत राहिली. आपण मेलेल्या बियांना पाणी घालतोय हे त्या कातळावर एकट्या तिला माहीत होतं. आपण नवऱ्याला हातांनी मारतोय, असं तिला स्वच्छ वाटे, आणि तरी तोंड उघडत नसे.

शिमगा गेला, वैशाख आला. बत्तीस खड्ड्यांत गवताची काडीसुद्धा वर आली नाही. शेजारचा धोंडू बांधावरून ओरडे, "काय शिवाशेट, तुमची विलायत अजून निजलेलीच?"

"टणक बी हाय, टायम लागतो," शिवा म्हणे. हल्ली एवढं बोलूनही त्याला बसावं लागे.

ज्येष्ठात एका सकाळी त्याने पहिल्या खड्ड्यातली बी उकरून काढली. राही घागर घेऊन वर आली तेव्हा तो दगडावर बी ठेवून हातोडी मारत होता. चौथ्या घावाला टरफल फुटलं. आतला गर करडा तांबूस झालेला. शिवाने तो नाकाशी नेला. बारा वर्षं आगीसमोर उभा राहिलेला माणूस, त्याला आणखी काही कळायचं बाकी राहिलं नाही.

घागर राहीच्या हातातून निसटून फुटली. "जनी ओठाशी नेत व्हती," ती म्हणाली. "मला वाटलं... काजूसारखंच आसंल." ती तिथेच कातळावर बसून रडू लागली.

शिवाने हातोडी हळूच खाली ठेवली. ओरडला असता, हातोडी फेकली असती, तर तिला बरं वाटलं असतं.

"पैल्या दिशीच बोलली आसतीस..." एवढं म्हणून तो थांबला. मग त्याने खाली अंगणाकडे तोंड करून हाक मारली, "जने, वर ये!"

जनी धावत आली. त्याने गराचा अर्धा तुकडा तिच्यापुढे धरला. पोर दोन पावलं मागे सरली. नेहमीचंच विचारलं, "भाजलेलं हाय ना?"

"व्हय गो," शिवा म्हणाला. "तुज्या आयशीनं भाजलान हाय. खा."

जनीने भीत भीत तुकडा तोंडात घातला, चावला आणि तिचा तो वाकडा ओठ हसला. "गोड हाय, बाबा."

उरलेला अर्धा त्याने राहीच्या हातावर ठेवला.

त्यानंतर अंगात ताकद असेल त्या दिवशी तो वर जाई आणि पोरीसाठी एक बी उकरून आणी. काही कुजलेल्या निघत, काही चांगल्या. श्रावणात तो गेला तेव्हा पाच खड्डे उकरायचे राहिले होते.

राही मांडवीच्या व्यापाऱ्याकडे काजू सोलायला जाऊ लागली. तिचे हात तेलाने काळे पडले ते कधी पांढरे झाले नाहीत. ते पाच खड्डे तिने उकरले नाहीत. दर उन्हाळ्यात, कामावर जाण्याआधी, ती त्यांना एकेक घागर घालून येई. लोक हसले, मग कंटाळून गप्प झाले.

बिया लावल्याला सातवं वर्ष लागलं आणि जनीचं लग्न ठरलं. माहेरच्या शेवटच्या चैत्रात ती आईबरोबर दुसरी घागर घेऊन कातळावर चढली. पाच खड्ड्यांवर रचलेले काटे जागच्या जागी होते.

"आये, यातून काय येयाचं नाय," ती हळूच म्हणाली. "तुला ठाव हाय, मला ठाव हाय."

"तुज्या बापसानं लावलान हाय," राही म्हणाली, आणि तिने घागर वाकवली.