पापणी न पाडणाऱ्याचं भिंग

मित्रांनो, मी घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं जुनं भिंग आहे. काळी नळी, पुढे जाड काच, उंची बाटलीच्या बुचाएवढी. तीस वर्षं मी एकाच माणसाच्या उजव्या डोळ्याला चिकटून काढली. त्याची बायकोही त्याच्या इतकी जवळ कधी बसली नसेल.

त्याच्या उस्तादाचा पहिला धडा होता, स्क्रू बसेपर्यंत पापणी पाडायची नाही. पापणी हलली की मी हलतो, आणि मी हललो की चिमट्यातला स्क्रू जमिनीवर. डोळ्यांत तेल घालून काम करतो, असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि मी आतल्या आत फुगायचो. मूर्ख होतो मी.

मग त्याच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागलं. डोळे लाल झाले. लाली घालवणारे थेंब त्याने स्वतःच्याच मनाने आणले. तासभर बरं वाटायचं, मग लाली दुप्पट व्हायची आणि तो पुन्हा थेंब घालायचा. पंखा तोंडावर चालूच असे. पुढे डोळ्यांतून धारा लागल्या. एका म्हाताऱ्या शिक्षिकेच्या घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग त्याने वाकवून टाकली, त्या दिवशी मला काढून तो बायकोला म्हणाला, "माझं संपलं गं. मला दुसरं काही येत नाही."

ती त्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी खिशात होतो. पिवळा रंग घालून बाईंनी पाहिलं, तर डोळ्यावरचा ओलाव्याचा थर चार सेकंदांत फाटून डोळा कोरडा पडत होता. धारा लागलेले डोळे कोरडे कसे, हे त्याला कळेना.

"डोळा सुकला की चिडून नुसतं पाणी सोडतो," त्या म्हणाल्या. "ते टिकवणारं तेल पापणीच्या कडेला अडकून बसलंय."

"बरं कधी होईल?"

"हे आता कायमचं आहे. सांभाळलंत तर काम करता येईल."

जुने थेंब बंद झाले, कृत्रिम अश्रूंचे आले. रोज दहा मिनिटं पापण्यांवर कोमट फडक्याचा शेक, पंखा भिंतीकडे. सगळं त्याने केलं. फक्त मला लावलं की पापणी पाडायला तो धजेना. खुपणं परतलं. टेबलावर डोकं टेकून तो बसून राहायचा आणि मला वाटायचं, आपण फुटून जावं.

शेवटी बायको समोर स्टूल टाकून घड्याळांचे पट्टे शिवायला बसली. नजर त्याच्या पापणीवर.

"अहो, मिटा डोळे."

"चिमट्यात स्क्रू आहे गं."

"असू दे. मिटा."

 मग त्याने मला काढून ठेवलं आणि डोळे मिटले. स्क्रू घरंगळला. दोघांनी गुडघ्यांवर बसून शोधला, तो मिळाला नाही. त्याने डब्यातून दुसरा घेतला.

अजूनही सकाळी पापणी उघडताना तो कण्हतो. मित्रांनो, तुम्हीही कशाला तरी डोळे लावून बसत असाल. त्याला मधूनमधून खाली ठेवा. आम्ही रुसत नाही. त्याने मला दिवसातून वीसदा खाली ठेवावं, एवढंच मी मागतो. माझी काच तडकली तर दुसरी मिळेल.