बसव्वाच्या रानातल्या लाल गाठी

बसव्वाच्या बांधावर अख्खं गाव जमलं होतं. मीही होतो, तमाशा फुकटचा असला की मला शहाणपण सुचत नाही.

सरीत नीळकंठबाबा उभे होते. वर्षभरापूर्वी मलकापूरकडून येऊन त्यांनी गावात मठ मांडला होता. हंबीररावांचा भुईमूग पिवळा पडला होता, शेजारी एकटीनं रान कसणाऱ्या बसव्वाचा मात्र हिरवागार. म्हणून बाबांना बोलावणं गेलं. त्यांनी बसव्वाचं एक रोप उपटलं. मुळांवर बारीक गाठी होत्या. नखानं एक फोडली, तर आत लाल!

"रगत! हंबीरराव, तुमच्या रानाचं रगत हिनं गाठी मारून बांधलंय. करणी हाय! आजच समदं पीक उपटून जाळा, न्हायतर गाव बुडालं!"

दहाजण सरीत शिरले. बसव्वा आडवी आली. "माझं वरसाचं पोट हाय की रं त्ये!" कुणी ऐकेना.

तेवढ्यात शाळेत शिकवणाऱ्या कालिंदीबाई आल्या. शहरातल्या मंगळवार पेठेत वाढलेल्या, आवाज तालमीतल्या पैलवानाचा.

"थांबा! बाबा, मठामागं तुमचाही भुईमूग आहे ना? पिराजी, आण एक रोप."

गर्दीतला पिराजी पळत जाऊन घेऊन आला. गाठीच गाठी, फोडल्या तर लालच.

"तुमच्यावर कुणी करणी केली, बाबा?"

"त्या... त्या सिद्धीच्या गाठी," बाबा म्हणाले. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

बाईंनी हंबीररावांचं पिवळं रोप उपटलं. पाणी साचणाऱ्या रानातलं; मुळं जवळजवळ कोरी.

"या गाठींत जंतू राहतात. हवेतलं नत्र, म्हणजे खतातलं सत्त्व, झाडाला देतात. लाल गाठ म्हणजे काम चालू आहे. रानात पाणी साचलं की गाठी नीट धरत नाहीत."

"जंतू म्हंजी रोग की!" पिराजी म्हणाला.

"मग दुधाचं दही कोण करतं? सगळे जंतू वाईट नसतात. शेंगा काढलेल्या रानात जोंधळा जोमानं येतो, हे तुम्हीच सांगता ना?"

हंबीररावांची मान खाली गेली. "व्हय. आमचा आज्जा बी त्येच म्हणायचा. आता पाण्याला चर काढतो."

बाबा दुपारच्या एस.टी.नं गेले. पण बाई येईपर्यंत बसव्वाच्या चार सऱ्या उपटून झाल्या होत्या आणि त्यातली दोन रोपं माझ्या हातात होती. तिनं ती घेतली. "तुमी तर गावचंच की," ती म्हणाली, "इचारायचं तरी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून सांगतो, मंडळी. कुणी करणी दाखवली, तर आधी आणखी दोन रानांत जाऊन बघा. उपटलेलं रोप परत लागत नाही.