सूतभर कमी

मेस्किट वेल्स गावच्या चौकातली प्रत्येक पाटी डेल्मर स्ट्राउडच्या हातची होती आणि प्रत्येकीच्या उजव्या कोपऱ्यात त्याचं नाव होतं. म्हणून ओलेटा फिंचला आपल्या खाणावळीच्या दारावर ‘उघडं पिस्तूल लावून आत येऊ नये’ अशी पाटी लावायची झाली, तेव्हा मंगळवारी सकाळी ती त्याच्याच शेडमध्ये आली. उघडपणे पिस्तूल बाळगण्याच्या हक्कासाठी लढणाऱ्या संघटनेचा डेल्मर हा काउंटी अध्यक्ष होता. त्याचं तिला काही वाटलं नाही. चाळीस मैलांत दुसरा पेंटर नव्हता.

“तुमच्या पोरांनी माझ्या सीटा फाडल्या,” ती म्हणाली. पोरांची वयं साठीच्या आसपास होती. “जानेवारीत नवं लाल रेग्झिन घातलं. दर शनिवारी नऊ पिस्तुलं बसतात, घासतात, उठतात. सगळ्या सीटा उजवीकडे फाटल्या.”

“आमच्यात एक डावखुरा आहे.”

“ती डावीकडे फाटली.”

“म्हणजे तुला आमचा हक्कच मान्य नाही.”

ओलेटाने एप्रनचा खिसा थोपटला. आत काहीतरी जड वाजलं. “मला मान्य आहे. रेग्झिनला नाही.”

डेल्मरने काम घेतलं आणि मग विचारात पडला. पिस्तूल उघड बाळगू देणारा कायदा व्हावा म्हणून संघटनेने सहा उन्हाळे राजधानी ऑस्टिनच्या विधानभवनासमोर फलक धरले होते. ते फलकही त्यानेच रंगवले होते. कायदा झाला, तो एक पळवाट ठेवून. दुकानदाराला मनाई करता येते. मात्र पाटी इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत हवी आणि अक्षरं एक इंचाहून लहान नकोत. तेव्हापासून संघटनेची लढाई दुकानांच्या दारांत चालली होती. संघटनेतला, विमा कंपनीतून निवृत्त झालेला रॉइस लॅम्किन शर्टाच्या खिशात मापाची पोलादी पट्टी ठेवायचा. अक्षर लहान भरलं की ती पाटी कायद्याने पाटीच नव्हे, आणि सगळे खुशाल आत.

इंचाचे आठ सूत. डेल्मरने सात सुतांवर रेघ मारली. ओलेटाला पाटी मिळेल, संघटनेला नाश्ता मिळेल, कोणी दुखावणार नाही. अक्षरं सुरेख आली. सवयीने त्याने कोपऱ्यात नावही घातलं.

शनिवारी डेल्मरसकट नऊ जण दारात थबकले. रॉइसने पट्टी लावली, चष्मा वर केला, पुन्हा लावली.

“सूतभर कमी,” तो म्हणाला. “स्पॅनिशमध्येही. चला मंडळी.”

सगळे हसत आत शिरले. ओलेटा कॉफीची किटली घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“डेल्मर,” ती शांतपणे म्हणाली, “माझा बाप तुझ्याकडून पाट्या करून घ्यायचा. तुझ्या हातून माप चुकलेलं मी पाहिलं नाही. आज चुकलं का?”

चुकलं म्हणावं तर चाळीस वर्षांचा हात गेला. मुद्दाम केलं म्हणावं तर नाव गेलं. आणि नाव तर दारावरच लिहिलेलं होतं.

“चुकलं नाही,” डेल्मर म्हणाला. “मापून कमी केलंय.”

“शाबास,” रॉइस म्हणाला. “अध्यक्ष असावा तर असा.”

त्या शाबासकीनेच डेल्मरचं बिघडलं. त्याने टोपी उचलली, दारावरची पाटी स्क्रू काढून उतरवली आणि शेडकडे निघाला. रॉइस त्याच्यामागे फुटपाथपर्यंत आला.

“अरे, आपल्याच पायावर कुऱ्हाड मारतोयस.”

“पाटी आपल्या विरोधात आहे, हे मला कळतं. पण पाटी माझी आहे.”

पुढच्या शनिवारी नवी पाटी दारावर होती. रॉइसने पट्टी लावली. “एक इंच,” तो म्हणाला, आणि चष्मा वर करून, “वर केसभर.” पिस्तूल गाडीत ठेवून आत जाता येत होतं, पण तसं करायला कोणी तयार नव्हतं. डेल्मरही नाही. शेवटी ओलेटाने फुटपाथवर लाकडी बाकं टाकली.

“लाकूड किती घासायचं तेवढं घासा,” म्हणत तिने अंडी आणि पावासारखी मऊ बिस्किटं-ग्रेव्ही बाहेर आणून वाढली.

नऊ जण कंबरेला पिस्तुलं लावून चौकाकडे तोंड करून खात बसले. पोस्टात, बँकेत, न्हाव्याकडे जाणारा प्रत्येक जण त्यांना पाहत होता. दोघं थांबून कायद्याबद्दल विचारूनही गेले.

“इतकी वर्षं आत भिंतीकडे तोंड करून बसलो,” रॉइस घास चावत म्हणाला. “कोणाला दिसत होतं?”

एवढ्यात समोरून दाताचे डॉक्टर पीव्ही रस्ता ओलांडून आले. त्यांनी दारावरची पाटी वाचली, दोन्ही भाषांत, आणि कोपऱ्यातलं नाव पाहिलं.

“डेल्मर, काम छान झालंय. माझ्या खुर्चीचंही रेग्झिन उजवीकडे फाटलंय. अशीच एक मला करून दे.”

रॉइसचं चावणं थांबलं. आठही माना डेल्मरकडे वळल्या.

डेल्मरने बिस्किटाने ताटलीतली ग्रेव्ही पुसून घेतली. “अक्षर केवढं हवं, डॉक्टर?”

“कायद्यात बसेल एवढं.”

“गुरुवारी मिळेल,” डेल्मर म्हणाला, आणि रॉइसपुढे हात केला. “पट्टी दे जरा. माझी शेडमध्ये राहिली.”