खेचराचा रंग

गोवा राज्य झाले त्या पावसाळ्यातली गोष्ट. पेडण्याला गोकुळदासच्या गणपतीच्या चित्रशाळेत त्याची विधवा बहीण विमला पीतांबर आणि शेले रंगवायला बसत असे. पिवळा, गुलाबी, शेंदरी, हे रंग तिच्या हातात मुरलेले. यंदा मात्र उरलेल्या चिकणमातीची तिने चार बोटे उंचीची तीन खेचरे केली होती, पाठीवर ओझी बांधलेली, आणि त्यांच्यापुढे एक जवान.

तिचा एकुलता एक मुलगा परेश फौजेत खेचरांच्या तुकडीत होता. फाल्गुनात सिक्कीमच्या सरहद्दीवर दरड कोसळून गेला. घरी अस्थी आल्या आणि एक काळापांढरा फोटो. त्यात परेशच्या हातात एका खेचराचा दोर.

फोटोत रंग कुठला? विमलाने आपल्या मनाने खेचरांना गुळासारखा तांबूस रंग दिला, वर चकाकी दिली. ओझी पोपटी केली. गोकुळदासने पाहिले आणि तसेच राहू दिले. दुखवट्याचे वर्ष, तिचा हात कशात तरी गुंतला होता एवढेच त्याला पुरे होते.

श्रावणात परेशचा सोबती महादेव रजेवर आला. बांद्याचा मुलगा. विमलाला भेटायला म्हणून तो थेट चित्रशाळेत आला. ओसरीवर गिऱ्हाइकांचा राजभाषा कोकणी की मराठी हा वाद चालला होता. त्या गर्दीतून आत येऊन महादेव तिच्या पाया पडला, आणि फळीवरची खेचरे बघून तिथेच उभा राहिला.

"मावशी, हे वरातीतले घोडे झाले."

"मग कसलो रंग? तू सांग, मी लावतंय."

महादेव मांडी घालून बसला. फोटोतले म्हणून केलेले खेचर विमलाने हातात घेतले आणि तांबड्या कावेत काजळ घातले. त्याने मान हलवली, अजून काळा हवा. शेवटी भाजलेल्या नाचणीवर रंग येऊन थांबला. "आता चकाकी घालवा. थंडीत तेंचे केस राठ होतत." तिने त्यात खडूची पूड घातली.

"नाकाकडे पांढूरको. पिठात तोंड घातल्यासारखो. पोटाकडे पण तसोच. पाठीच्या कण्यावर काळी रेघ. आणि खोगीर घासता थंय जखम भरली की केस पांढरे येतत."

तिने बारीक कुंचल्याने दोन पांढरे ठिपके दिले. पोपटी ओझ्यावर मळकट हिरवा चढवला, उन्हात विटलेल्या ताडपत्रीसारखा. मग सवयीने कुंचला कावेत बुडवून खुरांना तांबडा चिखल लावायला गेली.

"नको. थंयची माती तांबडी नाय, मावशी. राखेसारखी आसा."

विमलाचा हात थबकला. आपल्या लेकरावर पडली ती माती आतापर्यंत तिला तांबडीच दिसत आली होती. तिने कुंचला धुतला, खडूत काजळ मिसळले आणि खुरे गुडघ्यापर्यंत राखाडी केली.

"हेचा नाव काय होता?"

"कागदावर नुसतो नंबर. परेश तेका बाबलो म्हणायचो. गावच्याच भाषेत बोलायचो तेच्याकडे. आता तो माझ्याकडे आसा. हिंदीत हाक मारली तर कान पण हलवत नाय."

"म्हणजे तो जगलो?"

महादेव खाली बघू लागला. बाहेर ओसरीवरचा आवाज चढला आणि खाली आला.

"पयल्या दरडीतून परेश सुटलो होतो, मावशी. आम्ही सगळेच सुटलंव. बाबल्याचो दोर दगडात अडकलो म्हणून तो मागे फिरलो. दोर कापलो, बाबलो वर इलो. तेवढ्यात दुसरी दरड इली."

"माका कोणी सांगूक नाय."

"मीच सांगूक नाय."

विमलाची बोटे हातातल्या खेचरावर आवळली. रंग अजून ओला होता, तिच्या अंगठ्याला लागला. ते फेकून देईल असे महादेवला वाटले. तिने ते फळीवर ठेवले आणि मातीचा जवान जवळ ओढला.

"आता हेचो रंग सांग."

"तुमका ठावक नाय? गव्हाळ…"

"घरातलो ठावक आसा. थंयचो सांग."

"थंय आम्ही काळे पडतंव. गालांची साल जाता. ओठ फुटून निळसर होतत. डोळे सदा तांबडे."

विमलाने तसेच रंगवले. गाल काळवंडलेले, ओठ निळे, डोळ्यांत तांबड्याची बारीक रेघ. झाल्यावर तिने जवान उजेडात धरला. त्या तोंडात परेशचे काहीच नव्हते. असा माणूस तिच्या घरी कधी जेवला नव्हता.

रंग सुकल्यावर महादेव निघाला तेव्हा तिने मातीच्या बाबल्याला सुक्या गवतात आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हातात दिले.

"तूच ने. माका तेच्यावर राग धरूक येणा नाय, आणि घरात ठेवूक पण येणा नाय."

महादेवने पुडके छातीशी धरले आणि तो पावसात उतरला.

दिवेलागणीला गोकुळदास कंदील घेऊन आत आला. फळीवरचा जवान त्याला दिसला.

"हो कोण गे?"

"परेश," विमला म्हणाली.

गोकुळदासने कंदील जवळ नेला, पाहिले, आणि तो अजून न रंगवलेल्या गणपतींवर ओली फडकी घालू लागला. विमला कुंचले धुवायला बसली.