डब्यांच्या रांगेतली मोटार

पुष्पाबाईच्या नाल्यापलीकडच्या तीन एकरांत यंदाही कपाशी उभी होती, आणि यंदाही बोंडअळीनं ती आतून खाल्ली होती. पण सरकारी कागदावर तिथं तीन वर्षांपासून काही उगवतच नव्हतं. पाहणीला येणारी डिझेलची जीप सडकेवरच घुरघुरत उभी राहायची. इंजिन बंद न करता साहेब काचेतून दिसेल तेवढं शिवार लिहून घ्यायचे. नाल्यापलीकडचं दिसायचं नाही, म्हणून ते पडीक. आणि पडीक जमिनीला नुकसान कसलं अन् भरपाई कसली!

यंदा मात्र नवे ऋत्विक साहेब स्वतःची नवीकोरी विजेची मोटार घेऊन पाहणीला निघाले. पिंपळगाव राजाकडची गावं हिंडताना आतली गार हवा अखंड सुरू. पुष्पाबाईच्या पिठाच्या गिरणीपुढं आले तेव्हा पडद्यावर बॅटरी सात टक्के उरली होती. चार्जिंगची सोय थेट मलकापूरच्या हायवेवर.

गावातला कडूबा मदतीला धावला. एका हातात पेट्रोलची बाटली, दुसऱ्यात नळी.

"साहेब, टाकी कोनत्या बाजूनं हाय?"

"टाकी नाहीच हो. विजेवर चालते."

कडूबानं तरीही गाडीभोवती एक फेरी मारली, मागं वाकून पाहिलं. "धुराचा पाइप बी नाही हिले! माही फटफटी बंद पडली तं बाटलीभर ओतलं का दोन मिनटांत चालू. हिले किती वेळ लागते?"

"मलकापूर गाठण्यापुरतं म्हटलं तरी तीन तास."

"तीन तासांत तं म्हैस विते, साहेब."

जाड पिनांचा प्लग सगळ्या गावात एकच, तो गिरणीत. साहेबांनी गाडी जोडली, इकडं गिरणी सुरूच होती, फ्यूज उडाला. म्हणजे एकतर दळण, नाहीतर मोटार. आणि गिरणीपुढं अकरा डबे रांगेत होते. इथं डबा ठेवून माणूस घरी भाजी फोडणीला टाकून आला तरी त्याचा नंबर कोणी खात नाही.

"नंबर लावा साहेब," पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उचलत पुष्पाबाई म्हणाली. "अमीनाच्या डब्यामांगं."

"अहो, मी सरकारी कामावर आहे!"

"अन् हे भाकरीचं काम हाय."

अशी बोलायला खमकी. पण स्वतःच्या वावराची गोष्ट तिच्या ओठांवर येईना. साहेब अडला म्हणून मागितलं, असं व्हायला नको. शेवटी डब्यापाशी बसलेली अमीनाच बोलली.

"साहेब, आम्ही साऱ्याजणी आपापला नंबर देतो तुमच्या गाडीले. पन तवरोक इथं बसू नका. पुष्पाकाकूचं नाल्यापल्याडचं वावर पाहून या. कागदावर पडीक हाय, अन् कापूस येचून येचून काकूची कंबर गेली."

"जाऊ दे ना अमीना."

"काऊन जाऊ दे?"

साहेबांनी पडद्याकडं पाहिलं. सातच टक्के. पळून तरी जाणार कुठं? गिरणी थांबली, वायर लागली, आणि साहेब बूट हातात धरून पुष्पाबाईमागं नाल्यात उतरले.

बोंडं वरून हिरवीगार. साहेबांनी एक फोडलं: आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, कापूस पिवळा पडून चिकटलेला. दुसरं फोडलं. वीस फोडली, चौदा तशीच निघाली.

"हे बियाणं लावलं तं बोंडाले अळी लागत नाही म्हनत होते," पुष्पाबाई म्हणाली. "अळीले कोनी सांगतलंच नाही."

साहेब हसले, मग हसायचे थांबले. त्यांनी फोटो काढला, कागद भरला, तिची सही घेतली.

"वाचा बरं एकडाव."

"पीक कापूस. नुकसान सत्तर टक्के."

"पयलं पुन्हा वाचा."

"पीक कापूस."

पुष्पाबाईनं पदरानं तोंड पुसलं. पीठ पुसलं की आणखी काही, साहेबांनी विचारलं नाही.

परत आले तर गिरणीत अंधार. हे नाल्यात उतरले आणि तिकडं लाइट गेली होती. गाडी नऊ टक्क्यांवर.

"लाइट आता पाच वाजता येईन," कडूबा भलताच खूश होता. "तवरोक माहं वावर पायता का? टेकडीमांगं हाय, जीपवाल्याले कधी दिसलंच नाही." त्याच्यामागं आणखी सात-आठ जण उभे होते. साऱ्यांचीच वावरं टेकडीमागं.

साहेबांनी उसासा टाकून कोरे कागद मोजले.

"लाइट आली का पयले डबे हं," पुष्पाबाईनं बजावलं. "पोरं उपाशी राहतीन. गाडी मंग."

"हाव," साहेब म्हणाले.

तिनं घरच्या डब्यातलं ज्वारीचं पीठ परातीत काढलं. "अन् जेवूनच जा. तसंही तुमच्यानं जानं होत नाही."