माझी हुबेहूब प्रत

मित्रांनो, मला कापणारी माणसं उद्या यायची आहेत, तेव्हा ओळख आजच करून घेऊ. मी आगबोट. मासे धरून विकणारी नव्हे, त्यांचा अभ्यास करणारी. फरक एवढाच, की माझ्या डेकवर माशाला चिरण्याआधी त्याची लांबी मोजत.

बॉयलर तापला की माझं सगळं अंग थरथरायचं. शास्त्रज्ञ उलट्या करत करत समुद्राचं तापमान घ्यायचे. माशाच्या पोटात काय सापडलं ते लिहून घ्यायचे, आणि मासा परत पाण्यात भिरकावायचे. अमेरिकेच्या किनाऱ्यालगत कुठे किती मासा आहे, हे माझ्यामुळे कळलं. कळल्यावर इतर बोटींनी जाऊन तो संपवला.

पुढे डिझेलवर चालणाऱ्या बोटी आल्या. मला नॉर्थ कॅरोलिनातल्या एका धक्क्याला बांधून म्युझियम केलं. लोक लांबून माझं कौतुक करायचे आणि समोरच्या दुकानात आइस्क्रीम खायला जायचे. माझ्या तळाला गंज धरला.

मग इला आली. इंजिनीयर होऊन महाराष्ट्रातून इथे शिकायला आलेली, याच राज्यातल्या मॉरिसव्हिल गावात राहणारी. आयटीतून रिटायर झालेले रवींद्रकाका म्युझियमच्या कमिटीवर होते, त्यांनीच तिला आणलं. पोरीने मला वाचवायचा ध्यास घेतला. लेसर लावून माझा इंच न् इंच स्कॅन केला. बॉयलरमध्ये सरपटत शिरली, काजळीने माखून बाहेर आली. तिचा हिशोब सरळ होता. लोकांना कॉम्प्युटरवर माझं इंजिन चालताना दिसेल, मग ते मला बघायला येतील, देणग्या देतील, तळ दुरुस्त होईल.

कॉम्प्युटरमधलं माझं मॉडेल तयार झालं. काकांनी माझ्याच डेकवर उभं राहून डोळ्यांवर हेडसेट चढवला.

"कमाल आहे यार. गंजसुद्धा आलाय."

"तो काढता येतो, काका. एक क्लिक."

"बघ. आणि इथे कमिटी त्याच्या खर्चावरून तीन वर्षं भांडतेय." दोन पावलं टाकून ते माझ्या दोर बांधायच्या खुंट्याला ठेचकाळले. हेडसेट काढून गुडघा चोळत म्हणाले, "मग आता ही कशाला ठेवायची?"

"कुठली?"

"ही. खरी."

"काका, ही होती म्हणून ते झालं ना."

"झालं ना? मग. कमिटी तुझं प्रेझेंटेशन बघून फुल कन्व्हिन्स झाली. भंगारवाल्याशी बोलणंही झालं."

इलाचा चेहरा उतरला. "मी सगळं डिलीट करते."

"बॅकअप माझ्याकडे आहे. घ्यायला तूच तर शिकवलंस." त्यांनी प्रेमाने तिच्या पाठीवर थोपटलं. "रडतेस काय, वेडे? तू वाचवलंस तिला."

त्या मॉडेलमधला बॉयलर म्हणे कधी थंड पडत नाही.

तर मित्रांनो, म्हाताऱ्या माणसांवर माया करा, त्यांची काळजी घ्या. फक्त त्यांचा फोटो इतका चांगला काढू नका, की घरच्यांना त्याला हार घालायची घाई होईल.